सुमंगलेचा डावा पाय

सुमंगला जन्मली ती पायांकडून. इब्रामपूरला तिच्या आजोळी सुइणीने आधी दोन तळवे पाहिले आणि तोंड बऱ्याच वेळाने. आई वाचली, मूल वाचले, आणि मूल पायाळू निघाले. पायाळू माणूस म्हणजे त्या काळी गावाला लाभलेला ठेवाच असे. त्याचा डावा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, हे कोणी पडताळून पाहायला बसत नसे. चुलीवर ठेवलेला भात शिजतो, तितके ते खरे होते. त्याबरोबर एक धाकही यायचा. पायाळू माणसाला वीज शोधत येते, म्हणत. म्हणून गडगडू लागले की पोरीला माजघरात घेऊन जनेलाची, म्हणजे खिडकीची, दारे ओढून घेत आणि घोंगडीवर बसवत. पुढे ती चार माणसांत वावरणारी बाई झाली, तरी ढग वाजला की तिचे पाय आपोआप लुगड्यात ओढले जात.

लग्न होऊन ती लाटंबार्शाला आली. नवरा महादेव, खाणीवरच्या ट्रकाचा ड्रायव्हर. सासू जानकी मूळची दोडामार्गापलीकडची, कष्टाने वाळलेली आणि जिभेने ओली. सून पायाळू आहे याची खात्री तिने सोयरिकीच्या वेळीच करून घेतली होती. हुंड्यापेक्षा तिला त्याचेच अप्रूप.

गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षे झाली असतील. डिचोलीच्या लोखंडाच्या खाणी जोरात होत्या. डोंगर फोडायचा, माती ट्रकात भरायची आणि नदीच्या धक्क्यावर बार्जीत, त्या सपाट मालबोटीत, ओतायची. रस्ते तांबडे, खड्डे तांबडे, झाडांची पानेही तांबडी. ड्रायव्हरची बैठक म्हणजे एक फळी आणि तिच्यावर काथ्याचे पोते. दिवसभर खेपा मारून माणूस खाली उतरला की पहिली दोन पावले म्हाताऱ्यासारखी टाकी. डोळ्यांआधी, दातांआधी, त्या ड्रायव्हर पोरांच्या पाठी जात.

रविवारी सकाळी ही पोरे महादेवाच्या दारी येत. पाठ दुखणाऱ्याने उंबऱ्यावर आडवे, पालथे पडायचे, कंबर नेमकी उंबऱ्यावर. सुमंगला चौकटीला धरून उभी राही आणि डावा पाय कंबरेवर ठेवून हळूहळू भार देई. तोंडाने बोलायचे नाही. झाले की त्याने नारळ नाहीतर विडा कोपऱ्यात ठेवायचा आणि मागे न बघता जायचे. कितीतरी जण खरोखरच ताठ होऊन जात. उसण ती, चार दिवसांनी आपली आपण गेलीच असती कदाचित. पण ती पायाने गेली, असे सगळे म्हणत, आणि सुमंगलाही म्हणे.

"वयनी, जरा सांबाळून," महादेवाचा सोबती बाबली पडल्या पडल्या म्हणायचा. "ह्या पाठीचा अजून लगीन व्हयचा आसा."

"मगे हंय कित्याक इलंस?" जानकी आतून विचारायची. "चेडवाक शोध. ती देयत लाथ, ती फुकटची."

हशा पिके. महादेव सोप्यावर बसून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, उंडो चहात बुडवून खात असे. त्याला त्या गर्दीचा अभिमान होता. खाणीवर त्याला कोणी नावाने ओळखत नसे. पायाळणीचा घोव, म्हणजे नवरा, असेच म्हणत.

मग महादेवाची पाठ धरली.

पहिल्यांदा त्याने लपवले. खाली वाकताना मेजाला हात लावू लागला, ट्रकातून उडी मारायचा तो पाठमोरा होऊन उतरू लागला. नंतर कळ कंबरेतून डाव्या मांडीत आणि मांडीतून पोटरीत उतरली. शिंक आली तरी तो भिंत धरी. सुमंगलेने तेल चोळले, निर्गुडीचा पाला शेकला. रविवारी मात्र दारात पोरे पडलेली असत आणि ती एकेकाच्या पाठीवर पाय देत असे. घरधनी सोप्यावर ओठ चावून बसलेला.

"गाव सगळो सरळ केलंस," बाबली म्हणाला, "आणि घरातलोच वाकडो ठेवलंस, वयनी?"

यावेळी कोणी हसले नाही. कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. बायकोने नवऱ्याच्या पाठीवर पाय द्यायचा नाही. नवऱ्याला चुकून पाय लागला तरी वाकून नमस्कार करायची रीत, तिथे कंबरेवर उभे राहणे कोणाच्या तोंडीही आले नसते.

"दुसरो पायाळू बघा," जानकीने निकाल दिला. वाळपईला धाकू म्हणून एक म्हातारा होता. महादेव तिथे जाऊन आला. दोन दिवस बरे वाटले, तिसऱ्या दिवशी कळ दुपटीने आली.

"धाकूच्या पायात जोर नाय," महादेव म्हणाला, आणि बायकोच्या पायांकडे बघत राहिला.

एका संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा त्याच्या उजव्या पायात चप्पल होती, डावा अनवाणी.

"चप्पल खंय?" सुमंगलेने विचारले.

त्याने वळूनही बघितले नाही. "पायातच आसा गो," म्हणाला, आणि मग त्याने खाली बघितले. चप्पल कधी निसटली ते त्याला कळलेच नव्हते. ती उजेड होता तोवर रस्त्याने शोधत गेली. चढावावर, काजूच्या बागेपाशी चप्पल धुळीत पडली होती. तिथून घरापर्यंत खडीच खडी. घरी येऊन तिने त्याचा तळवा पाहिला. दोन ठिकाणी फाटला होता. त्याने हूं की चूं केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने हट्ट धरला आणि त्याला डिचोलीच्या सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण तिला घाई नव्हती. तिने महादेवाला टाचांवर चालायला लावले. उजवे पाऊल उचलले गेले, डावे फटकन खाली पडले. गुडघ्यावर लहानशी हातोडी मारली. मग डोळे मिटायला लावून तळव्यावरून किल्ली ओढली. उजवा पाय झटकला गेला, डावा तसाच राहिला.

"मणक्यांच्या मधली चकती सरकून शिरेवर बसली आहे," ती म्हणाली. "पणजीच्या मोठ्या इस्पितळात जा. आज जमत नसेल तर उद्या जा, पण थांबू नका. ट्रक चालवायचा नाही. आणि पाठीवर कोणाला पाय देऊ देऊ नका."

महादेवाने मान खाली घातली. तो बाहेर गेल्यावर डॉक्टरीणबाईने सुमंगलेला थांबवले.

"एक लक्षात ठेवा. दुखायचे थांबले आणि पाय असाच बधिर राहिला, तर खूश होऊ नका. ते बरे होणे नव्हे. शीर मेली की ती दुखतही नाही."

घरी येताना बसमध्ये महादेव उभाच राहिला. बसवत नव्हते. लामगावचा एक जण पाठ कापून घ्यायला गेला होता आणि खाटेवरून घरी आला होता, ते त्याच्या मनातून जाईना.

"जातंय पणजीक," तो रात्री जेवताना म्हणाला. "पण पयलो तुझो पाय. तुझ्या पायान दुखणा उतारला नाय, तर मगे खंयही ने."

"डॉक्टरीण नाय म्हणाली."

"ती डॉक्टरीण पायाळू आसा?"

सुमंगलेने सासूकडे पाहिले. ही तरी आडवी येईल, असे तिला वाटले होते. पण जानकी लेकाचा वाकडा पाठकणा बघत होती. तिला दुसरे मूल नव्हते. ती बराच वेळ ताटातला भात चिवडत राहिली आणि म्हणाली,

"बायलेन पाय देवचो नाय. पण बायल नसली तर?"

रविवारी सकाळी, पोरे यायच्या आधी, जानकीने सुनेला न्हाऊ घातले. देवापुढच्या तबकात सुमंगलेचे मंगळसूत्र काढून ठेवले. स्वतःच्या पदराने तिचे कुंकू पुसले. 

"आता तू इब्रामपूरची चेडू," ती म्हणाली. "ह्या घरात तू कोणाचीच कोण नाय. पाय दी आणि मगे आमची हो."

सुमंगलेच्या गळ्याला गार वारा लागला. इतक्या वर्षांत तिथे वारा लागला नव्हता. तिने मनाशी ठरवले होते की पाय नुसता टेकवायचा. भार द्यायचा नाही. म्हणजे याचे मन राहील, काही बिघडणार नाही, आणि दुपारच्या बसने पणजी गाठता येईल. यापेक्षा दुसरा मार्ग तिला दिसत नव्हता.

महादेव उंबऱ्यावर पालथा पडला. तिने पाऊल टेकवले.

"दाब गो," तो जमिनीला तोंड लावून म्हणाला. "बाबलीक दाबतंस तशी."

ती तशीच राहिली.

"माका फसवू नको. पाय ठेवलंस, आता दी."

तिने चौकट धरली आणि भार दिला. थोडासाच. तळव्याखाली त्याचा श्वास अडला आणि सुटला, इतकेच तिला कळले. तो बराच वेळ हलला नाही. मग हातांवर रेटा देऊन उठला, भिंत न धरता. उभा राहिला. कंबर हलवून बघितली. त्याचा चेहरा असा मोकळा झाला की जानकी रडायलाच लागली.

"गेला," महादेव म्हणाला. "सगळा गेला. कळ नाय, काय नाय."

जानकीने सुनेच्या गळ्यात मंगळसूत्र बांधले, कुंकू लावले, आणि मागून आलेल्या पोरांच्या हातावर साखर ठेवली. बाबलीने महादेवाला उचलायचेच बाकी ठेवले. त्या गडबडीत सुमंगला नवऱ्याच्या पायांकडे बघत होती. डावे पाऊल चालताना फटफट वाजत होते.

दुपारची बस गेली. दुसऱ्या दिवशीचीही गेली. महादेव ट्रकावर गेला.

तिसऱ्या सकाळी तो आंघोळीला बसला. सुमंगलेने भाणातले, चुलीवरच्या हंड्यातले, कढत पाणी तांब्यात घेतले. त्यात गार मिसळले नाही. आधी थेंबभर त्याच्या उजव्या पावलावर सांडले.

"गो, भाजता," तो पाय ओढून म्हणाला.

मग तिने डाव्यावर सांडले. तो पाठीला साबण लावत होता आणि बाबलीच्या सोयरिकीची गोष्ट सांगत होता. गोष्ट थांबली नाही. पावलाची कातडी लाल झाली, आणि तो हसत हसत पुढे सांगत राहिला.

सुमंगलेने तांब्या खाली ठेवला.

"पणजीक जावया," ती म्हणाली. "आजच. पाय मेलो आसा तुमचो. डॉक्टरीणबाईन सांगलला, दुखायचा थांबला तर भियाचा म्हणान."

"दुखता तेव्हा डॉक्टर, दुखणा गेला तरी डॉक्टर?"

"ता माझ्या पायान गेला नाय."

"मगे कोणाच्या?"

"माझ्या पायात कायएक नाय." हे शब्द तिने पहिल्यांदाच उच्चारले होते आणि तिचे तिलाच ते परके वाटले. "कधीच नाय आसलला."

महादेवाने अंगावर पाणी ओतून घेतले. मग सावकाश म्हणाला, "मगे इतकी वर्सां लोकांच्या पाठीर काय नाचत होतंस?"

 ती बाबलीकडे गेली. तू तरी सांग, म्हणाली. बाबली तोंडभर हसला. "वयनी, तुमचो पाय लागल्यावर डॉक्टर कित्याक? मी माझी पाठ डॉक्टराक दाखयली नाय कधी, तुमकांच दाखयली." ती सासूकडे गेली. जानकी म्हणाली, "बऱ्या झालेल्या माणसाक आजारी म्हणू नको. तुझ्या तोंडात देव बसलो आणि बोललला खरा झाला तर?" ज्याच्या-त्याच्या मनात तिच्या पायावरचा विश्वास होता, आणि तो तिनेच, एकेका रविवारी, घातलेला होता. ती एकटी त्याच्याविरुद्ध काय बोलणार?

त्या आठवड्याच्या शेवटी बाबली त्याला ट्रकात आडवा घालून घेऊन आला. धक्क्यावर माल ओतून झाला तरी महादेव खाली उतरेना. बाबली वर चढला तर हा फळीवर बसलेला, पोते भिजलेले. "रेडिएटरचा पाणी सांडला वाटता," महादेव म्हणाला. पाणी रेडिएटरचे नव्हते. पाय खाली घ्यायला गेला तो दोन्ही पाय आलेच नाहीत.

पणजीला त्याच दिवशी पाठ उघडली. तिथल्या डॉक्टराने सुमंगलेला बाहेर बोलावून सरळ सांगितले. चार-पाच दिवसांपूर्वी आणला असता तर चालला असता. आता लघवीही कळणे कठीण. तिने एकच विचारले, मी पाय दिला म्हणून झाले का?  "सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाला. "चकती त्याआधीच सुटली होती. तुमच्या भाराने पुढे ढकलली गेली असेल, खड्ड्यानेही गेली असेल." तिला हो म्हटलेले चालले असते, नाही म्हटलेलेही. हे सांगता न येणे तिने जन्मभर बाळगले.

इस्पितळात व्यायाम शिकवणारी एक बाई होती. तिने सुमंगलेला बरेच काही शिकवले. कुशी कशी बदलायची, पाठीची कातडी कशी जपायची, निर्जीव पाय गुडघ्यात आणि घोट्यात कसे फिरवायचे. "रोज हलवा," ती म्हणायची. "नाहीतर सांधे धरतील, पाय लाकडासारखे होतील." हातांची ताकद वाढली तर तो निदान स्वतः उठून बसेल, म्हणायची. तेवढे झाले. पावसाळ्यानंतर महादेव सोप्यावर बसू लागला, दोन हातांनी स्वतःला ओढत.

घरी आल्यावर जानकी सुनेला कधी एका शब्दाने बोलली नाही. पण बोलता बोलता तिची नजर सुमंगलेच्या गळ्याकडे जाई आणि तिथून हटे. विहिरीवर ती बायकांना म्हणाली होती, "पाय लागलो तो लागलोच. मंगळसूत्र तबकात ठेवल्यान काय होता?" पुसताना तिचाच हात होता, हे ती विसरली नव्हती. म्हणूनच तोंडावर बोलत नव्हती.

संध्याकाळी सुमंगला नवऱ्याचे पाय मांडीवर घेई आणि एकेक फिरवी. बायको नवऱ्याचे पाय मांडीवर घेऊन बसलेली वाटसरूंना दिसे. हे कोणालाच खटकत नसे.

आणि लोक यायचे थांबले नाहीत. नवलाची गोष्ट ती हीच. खुद्द महादेवच सोप्यावरून सांगे, "माझा दुखणा तिनाच घालयला, ता परत इला नाय. पाय गेले ते पणजीच्या डॉक्टरान." ऐकणारे मान डोलवत. त्याला असे बोलू नका म्हणायची सुमंगलेची छाती होत नसे. त्याच्याजवळ उरले होते काय, तर एवढेच.

ती मात्र आता आलेल्या माणसाला लगेच आडवे पडू देत नसे.

काही वर्षांनी, एका रविवारी सगुण नावाचा ड्रायव्हर आला. लग्नाला वर्षही झाले नव्हते. कंबर धरून, वाकडा होऊन आला आणि येताच उंबऱ्यावर पडायला लागला.

"पड रे पड," महादेव सोप्यावरून म्हणाला. "दुखणा तिच्या पायाक भियता."

"उठ," सुमंगला म्हणाली. "सोप्यार बस. चपलां काढ आणि डोळे मीट."

"वयनी, माका पाठ दुखता. पाय नाय."

"मीट म्हणतंय ना."

तिने केरसुणीतला एक हीर ओढून काढला. त्याच्या उजव्या तळव्यावरून फिरवला. सगुण गुदगुल्या झाल्यासारखा हसला आणि पाय ओढून घेतला. तिने हीर डाव्या तळव्यावर ठेवला, टाचेपासून बोटांपर्यंत नेला. परत आणला. थोडा दाबून पुन्हा नेला.

सगुण डोळे मिटून वाट बघत होता. "आता दुसरो पाय, वयनी," तो म्हणाला. "कधी लायतलात?"

तिचा हात थांबला. महादेव बघत होता. हीर कुठे होता, हे त्याला समोरून दिसत होते.  दारावरून पोदेर सायकलची घंटी वाजवत गेला, तरी तो तसाच बघत राहिला.

"माका लाय बघूया," तो शेवटी म्हणाला, अगदी हळू.

"नको."

"लाय गो."

त्याने डोळे मिटून घेतले. सुमंगला त्याच्या पायांशी जाऊन बसली. हात पुढे झाला, पण हीर टेकवायला होईना. तो तिच्या हातात तसाच राहिला, तळव्यापासून वीतभर लांब.

"लागता," महादेव म्हणाला. डोळे मिटलेलेच, चेहरा उजळलेला. "हां. आता लागता."

सगुणने डोळे उघडले होते. त्याने तिचा हात पाहिला, हीर पाहिला, महादेवाचे निपचित पडलेले पाऊल पाहिले. कोणी काही न सांगता तो उठला. उजवी चप्पल पायात गेली. डावी त्याला वाकून हाताने घालावी लागली.

"पणजीची बस धर," सुमंगला त्याच्याकडे न बघता म्हणाली. "घराकडे जाव नको. कोणाक विचारू नको. आत्ताच धर. दुखायचा थांबला तरी धर."

सगुण नारळ कोपऱ्यात ठेवून, मागे न बघता, रीत होती तसाच गेला. तिठ्यावरून एक रस्ता डिचोलीकडे, पणजीच्या बसकडे, जातो आणि दुसरा वाळपईकडे, जिथे धाकूच्या मागे आता त्याचा पुतण्या पाठींवर पाय देई. ती दाराशी जाऊन उभी राहिली. सगुण तिठ्यावर क्षणभर थांबला, मग वळला. पण काजूची झाडे आड आली आणि तो कुठल्या बाजूला वळला ते तिला दिसले नाही.

ती परत आली. महादेवाचे डोळे अजून मिटलेले होते. तिने हीर केरसुणीत खोचला, त्याचे पाय मांडीवर घेतले आणि डाव्या घोट्यापासून सुरुवात केली.